आपल्या गावचे खरे बारा केव्हा वाजतात?

समजा, एका घरच्या दोन बहिणी आहेत. थोरली अलिबागजवळच्या गावात दिलेली, धाकटी गडचिरोलीकडे. मार्चची वीस-एकवीस तारीख आहे आणि संध्याकाळी दोघी फोनवर बोलत बसल्या आहेत. धाकटी म्हणते, "अक्का, थांब जरा, दिवस मावळला, दिवा लावून येते." थोरली दारातून बाहेर पाहते, तर तिच्याकडे सूर्य अजून समुद्राच्या बराच वर आहे. दोघींच्या भिंतीवरची घड्याळे मात्र एकच वेळ दाखवीत आहेत. मग एकीकडे दिवस मावळला आणि दुसरीकडे तो अर्ध्या तासाने मावळणार, हे कसे?

याचे उत्तर 'रेखांश' या एका शब्दात आहे. शाळेत असताना नकाशावरच्या त्या उभ्या रेघा आपण सर्वांनी पाहिल्या, परीक्षेपुरत्या पाठ केल्या आणि सोडून दिल्या. परंतु हाच रेखांश आता आपल्या खिशातल्या मोबाईलमध्ये येऊन बसला आहे. ई-पीक पाहणीत पिकाचा फोटो काढला की त्याच्याबरोबर तो नोंदला जातो. जमीन मोजणीला येणारे नवे यंत्रही त्याच्यावरच चालते. आपले पीक कोणत्या शेतातले धरायचे, हे ज्या आकड्यावरून पाहतात तो आकडा शेतकऱ्याच्या घरात माहीत असलेला बरा.

उत्तर-दक्षिण सोपे, पूर्व-पश्चिम अवघड

पृथ्वीवरचे कोणतेही ठिकाण सांगायचे तर दोन गोष्टी सांगाव्या लागतात. ते विषुववृत्तापासून किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे, आणि एका ठरावीक रेघेपासून किती पूर्वेला किंवा पश्चिमेला आहे. पहिल्याला अक्षांश म्हणतात, दुसऱ्याला रेखांश.

अक्षांश मोजणे पूर्वीपासून सोपे. रात्री अंगणात उभे राहून ध्रुवतारा पाहा. तो क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितकाच आपल्या गावचा अक्षांश. हात लांब करून मूठ डोळ्यासमोर धरली की ती सुमारे दहा अंश झाकते. आपल्या महाराष्ट्रात ध्रुव क्षितिजापासून दोन मुठींच्या आसपास वर दिसतो, कारण आपले राज्य साधारण १६ ते २२ अंशांच्या दरम्यान आहे. विषुववृत्तावर तो क्षितिजाला टेकतो आणि उत्तर ध्रुवावर थेट डोक्यावर येतो. म्हणजे उत्तर-दक्षिण मोजायला आकाशात एक न हलणारी खूण आहे.

पूर्व-पश्चिम मोजायला अशी खूण नाही. याला कारण पृथ्वीचे फिरणे. जुन्या लोकांनी विहिरीवरचे रहाटगाडगे पाहिले असेल. माळेतले प्रत्येक गाडगे एकामागून एक वर येते, पन्हळीत पाणी ओतते आणि खाली जाते. पन्हळीपाशी बसलेल्या माणसाला सगळी गाडगी सारखीच. पृथ्वीचेही तसेच आहे. ती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि एकेक गाव सूर्यासमोर येऊन पुढे जाते. जो सूर्य आणि जे तारे गडचिरोलीला दिसले, तेच थोड्या वेळाने जवळजवळ तसेच अलिबागला दिसतात. नुसते आकाश पाहून आपण पूर्वेला आहोत की पश्चिमेला, हे कळत नाही.

मग गाडगी मोजायची कशी? एका गाडग्याला चिंधी बांधायची आणि त्याला पहिले म्हणायचे. तिथून पुढे मोजत जायचे. पृथ्वीच्या बाबतीतही माणसाने हेच केले. उत्तर ध्रुवापासून दक्षिण ध्रुवापर्यंत जाणारी एक उभी रेघ धरली, तिला शून्य म्हटले आणि तिच्या पूर्वेला १८० व पश्चिमेला १८० असे अंश मोजले. या उभ्या रेघांना रेखावृत्ते म्हणतात. दोन्हीकडून मोजत गेले की १८० अंशांची रेघ एकच येते, कारण पृथ्वी गोल आहे.

एक अंश म्हणजे चार मिनिटे

पृथ्वी एका दिवसात, म्हणजे २४ तासांत, पूर्ण ३६० अंश फिरते. भागाकार केला तर एका तासात १५ अंश होतात आणि एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात. रेखांशाचे सगळे गणित या एका वाक्यात आहे. पूर्वेकडच्या गावी दुपार आधी होते, पश्चिमेकडच्या गावी नंतर, आणि दर अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो.

आता आपल्या राज्याकडे पाहू. महाराष्ट्राचे पश्चिम टोक साधारण ७२.६ पूर्व रेखांशावर आहे आणि पूर्व टोक ८०.९ वर. फरक आठ अंशांहून थोडा जास्त, म्हणजे सुमारे ३३ मिनिटांचा. अलिबागचा रेखांश ७२.८७ आणि गडचिरोलीचा ८०. फरक सात अंशांहून किंचित अधिक, म्हणून दोघी बहिणींच्या सूर्यास्तात सुमारे अठ्ठावीस मिनिटांचे अंतर पडले. आपण मुद्दाम मार्चची वीस-एकवीस तारीख घेतली. त्या सुमारास दिवस-रात्र सारखी असते आणि फरक निव्वळ रेखांशाचा राहतो. इतर दिवसांत अक्षांशामुळे त्यात काही मिनिटांची भर किंवा घट होते.

आपली भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व या रेखावृत्तावरची आहे. हे रेखावृत्त उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. तिथे घड्याळात बारा वाजतात तेव्हा खरी मध्यान्हही होते (ऋतुमानाप्रमाणे काही मिनिटे मागेपुढे). महाराष्ट्रातले एकही गाव इतके पूर्वेला नाही. म्हणून आपल्याकडे सूर्य डोईवर येण्यापूर्वीच घड्याळात बारा वाजून गेलेले असतात. आपल्या काही गावांची सरासरी मध्यान्ह घड्याळात अशी येते:

मुंबई (७२.८३) – १२ वाजून ३९ मिनिटे
पुणे (७३.८६) – १२ वाजून ३५ मिनिटे
कोल्हापूर (७४.२४) – १२ वाजून ३३ मिनिटे
छत्रपती संभाजीनगर (७५.३४) – १२ वाजून २९ मिनिटे
सोलापूर (७५.९१) – १२ वाजून २६ मिनिटे
नांदेड (७७.३२) – १२ वाजून २१ मिनिटे
अमरावती (७७.७५) – १२ वाजून १९ मिनिटे
नागपूर (७९.०९) – १२ वाजून १४ मिनिटे
गडचिरोली (८०.००) – १२ वाजून १० मिनिटे

आपल्या भागात एक अंश रेखांश म्हणजे जमिनीवर सुमारे १०५ किलोमीटर. म्हणजे सरळ पूर्वेला सव्वीस किलोमीटर गेले की मध्यान्ह एक मिनिट अलीकडे येते. दिनदर्शिकेत सूर्योदयाची वेळ बहुधा मुंबईची छापलेली असते. ती विदर्भातल्या घराला जशीच्या तशी लागू पडत नाही, याचे कारण हेच.

आपली जुनी रेघ: उज्जैन

ही विद्या साहेबाबरोबर आपल्याकडे आली, असे कोणी समजू नये. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत 'देशांतर' या नावाने हेच गणित आहे. सूर्यसिद्धान्तात लंका, अवंती म्हणजे उज्जैन आणि कुरुक्षेत्र यांवरून जाणारी रेषा ही मध्यरेषा मानली आहे. आपल्या ज्योतिष्यांनी रहाटातल्या चिंधीचे गाडगे उज्जैनचे धरले होते, असे म्हणा.

उज्जैनचा रेखांश आजच्या मापाने सुमारे ७५.७७ आहे. गंमत अशी की ही रेघ उज्जैनहून सरळ दक्षिणेला ओढली तर ती आपल्या भुसावळजवळून आणि बीडजवळून जाते. सूर्यसिद्धान्ताच्या हिशेबाने आजही शून्य धरले असते, तर बीड, भुसावळ ही गावे जगाच्या शून्य रेघेवर आली असती आणि मुंबई तीन अंश पश्चिमेला गेली असती.

त्या काळी दूरच्या गावाचे देशांतर काढायला चंद्रग्रहणाचा उपयोग सांगितला आहे. चंद्र पृथ्वीच्या सावलीत शिरतो तो क्षण सगळ्यांना एकच असतो. परंतु त्या क्षणी प्रत्येक गावची वेळ वेगळी असते. मध्यरेषेवर ग्रहण किती घटकांना होणार हे गणिताने काढायचे आणि आपल्या गावी ते किती घटकांना झाले हे पाहायचे. आपल्याकडे उशिरा झाले तर आपण पूर्वेला, लवकर झाले तर पश्चिमेला. लग्नमंडपात पाण्यात सोडतात ते घटिकापात्र पुष्कळांनी पाहिले असेल. एक घटका म्हणजे २४ मिनिटे, म्हणजेच सहा अंश. एका घटकेची साठ पळे होतात, तेव्हा दहा पळांचा एक अंश. हिशेब अगदी चोख होता. अडचण एवढीच, की ग्रहण रोज होत नाही आणि पाण्यावरची घटका पळापळाला बरोबर राहत नाही.

समुद्रावर हा जिवाचा प्रश्न होता

जमिनीवरच्या माणसाचे रेखांशावाचून फारसे अडत नाही. वाट चुकली तर कोणाला तरी विचारता येते. समुद्रावर विचारणार कोणाला? युरोपातली जहाजे पंधराव्या-सोळाव्या शतकापासून दूरवर जाऊ लागली, तेव्हा कप्तानाला अक्षांश कळत असे, पण रेखांशाचा अंदाजच करावा लागे. जहाज किती वेगाने किती वेळ चालले, याचा अडाखा बांधायचा आणि देवाचे नाव घ्यायचे. वारा आणि प्रवाह यांनी अडाखा चुके. किनारा आला हे कळायचे ते जहाज खडकावर आपटल्यावर.

१७०७ च्या ऑक्टोबरात इंग्रजांचे एक आरमार जिब्राल्टरहून मायदेशी परतत होते. सर क्लाउडस्ली शोव्हेल हा त्याचा प्रमुख. हवा खराब होती. आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज चुकला आणि इंग्लंडच्या नैर्ऋत्येला असलेल्या सिली बेटांच्या खडकांवर चार जहाजे रात्री फुटली. चौदाशे ते दोन हजार माणसे बुडाली आणि त्यांत शोव्हेलही गेला. या आपत्तीनंतर सात वर्षांनी, १७१४ साली, इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा करून बक्षीस लावले. समुद्रावर अर्ध्या अंशापर्यंत अचूक रेखांश काढण्याची रीत जो दाखवील त्याला २०,००० पौंड. त्या काळी ही रक्कम प्रचंड होती.

खरे म्हणजे रीत सर्वांना माहीत होती. निघताना बंदरातल्या वेळेवर लावलेले एक घड्याळ बरोबर न्यायचे. समुद्रात सूर्य माथ्यावर आला की तिथली मध्यान्ह झाली. त्या क्षणी बरोबरच्या घड्याळात बंदरातली वेळ पाहायची. बंदरात दुपारचे दोन वाजले असतील, तर आपण दोन तास मागे, म्हणजे तीस अंश पश्चिमेला आहोत. परंतु महिनोन् महिने हेलकावणाऱ्या, दमट, कधी गरम कधी गार अशा जहाजावर बरोबर चालेल असे घड्याळच नव्हते. लंबकाचे घड्याळ तर पहिल्याच लाटेला बिघडे. आणि घड्याळ चार मिनिटांनी चुकले की एक अंश चुकला.

सुताराचे घड्याळ

हा प्रश्न सोडवला तो एका सुताराने. जॉन हॅरिसन याचा जन्म १६९३ साली इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात झाला. बाप सुतार, मुलगाही सुतार. घड्याळे करायची विद्या तो कोणाकडे शिकला नाही. स्वतःच्या हुशारीवर त्याने पहिली घड्याळे बहुतेक लाकडाचीच बनवली. समुद्रावर नेण्याजोगे त्याचे पहिले यंत्र १७३५ साली तयार झाले. मग दुसरे, मग तिसरे. प्रत्येकात त्याला स्वतःलाच काही उणे दिसे आणि तो पुन्हा कामाला लागे. १७५९ साली त्याचे चौथे घड्याळ पुरे झाले. ते मोठ्या खिशातल्या घड्याळासारखे, तळहातावर मावेल एवढे होते.

१७६१ च्या अखेरीस त्याचा मुलगा विल्यम हे घड्याळ घेऊन जमैका बेटाकडे निघाला. हे बेट आपल्या पंढरपूर-पुण्याच्याच अक्षांशांवर, पण पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला आहे. एक्क्याऐंशी दिवसांनंतर हिशेब पाहिला, तर घड्याळ सुमारे पाच सेकंदच मागे पडले होते. पाच सेकंद म्हणजे तिथे सव्वादोन किलोमीटरच्या आतबाहेरची चूक. अर्धा अंश म्हणजे पन्नास किलोमीटरांवर. तेव्हा सुताराने पैज सहज जिंकली होती.

तरी त्याला पुरे बक्षीस लगेच मिळाले नाही. परीक्षक मंडळातल्या खगोलशास्त्र्यांचा भर चंद्र आणि तारे यांच्या गणितावर होता. आधी पुन्हा परीक्षा, मग यंत्र उघडून दाखवा, मग तसेच आणखी बनवून द्या, असे चालले. शेवटी राजा तिसरा जॉर्ज याने लक्ष घातले आणि १७७३ साली पार्लमेंटने त्याला ८,७५० पौंड दिले. तेव्हा तो ऐंशी वर्षांचा होता. पुढे तीनच वर्षांनी तो वारला. पण त्याच्या घड्याळाची नक्कल बरोबर घेऊन कप्तान कुक १७७२ ते १७७५ मध्ये पृथ्वीभोवती फिरून आला आणि त्याने तिची वाखाणणी केली. त्यानंतर अशी घड्याळे हळूहळू जहाजांवर सर्रास दिसू लागली.

शून्य ग्रीनिचला का?

चिंधी कोणत्या गाडग्याला बांधायची याला निसर्गाचा काही नियम नाही. म्हणून निरनिराळे देश आपापली रेघ शून्य धरीत. फ्रान्सचे शून्य पॅरिसला, इंग्लंडचे लंडनजवळच्या ग्रीनिच वेधशाळेत. जहाजे आणि आगगाड्या वाढल्या तसा घोटाळा वाढला. १८८४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत वॉशिंग्टनला पंचवीस देशांचे प्रतिनिधी जमले. बावीस देशांनी ग्रीनिचच्या बाजूने मत दिले, एकाने विरोधी, आणि फ्रान्स व ब्राझील तटस्थ राहिले. त्या वेळी जगातली बरीच जहाजे ग्रीनिचवरून मोजलेले नकाशेच वापरीत होती, म्हणून ते सोयीचे पडले.

आपल्याकडेही वेळांचा गोंधळ होता. मुंबईची स्वतःची वेळ होती आणि आगगाड्या मद्रासच्या वेळेवर चालत. दोहोंत अर्ध्या तासाचा फरक. १ जानेवारी १९०६ पासून ८२.५ अंशांची प्रमाणवेळ आली. ही ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबई शहराने मात्र आपली ३९ मिनिटे मागची वेळ सोडली नाही. ती १९५५ पर्यंत तिथे चालू होती.

हिंगणघाटची कबर

समुद्रावर घड्याळाने काम भागले, पण जमिनीवर गावागावाची जागा ठरवायची तर आणखी काही हवे होते. ते काम विल्यम लॅम्बटन या अधिकाऱ्याने आरंभले. १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ साखळीने एक सरळ रेघ मोजायला त्याने सुरुवात केली. मग तिच्या टोकांवरून दूरच्या टेकड्यांचे कोन मोजत त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो निघाला. त्रिकोणाची एक बाजू आणि कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात, प्रत्येक ठिकाणी साखळी ओढावी लागत नाही. ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपासची त्याची ही त्रिकोणांची माळ दक्षिण टोकाकडून उत्तरेला वाढत गेली. कोन मोजायचे त्याचे यंत्र अर्ध्या टनाचे होते. ते माणसांनी वाहून टेकड्यांवर चढवले.

काम करता करताच लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. त्याचे काम पुढे जॉर्ज एव्हरेस्टने हिमालयापर्यंत नेले. भारताचे अचूक नकाशे या माळेच्या आधाराने तयार झाले.

मोबाईलमधला आकडा

आता आपल्या खिशाकडे वळू. मोबाईलला जागा कळते ती आकाशातल्या उपग्रहांमुळे. अमेरिकेची जीपीएस आणि भारताची नाविक या तशाच यंत्रणा आहेत. प्रत्येक उपग्रहावर अणुघड्याळ आहे आणि तो सारखा आपली वेळ व जागा सांगत असतो. तो संदेश पोहोचायला किती वेळ लागला, यावरून उपग्रह किती दूर आहे हे कळते. अशी निदान चार उपग्रहांची अंतरे मिळाली की आपली जागा निघते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले तरी अंतर ३०० मीटरने चुकते. म्हणजे घटिकापात्र, हॅरिसनचे घड्याळ आणि आजचा उपग्रह, तिघांचे काम एकाच जातीचे. वेळ बरोबर कळली की जागा कळते.

महाराष्ट्रात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली आणि हे आकडे घरोघर पोहोचले. ते वाचताना चार गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. आधी अक्षांश लिहितात, मग रेखांश. आपल्या राज्यात लहान आकडा, म्हणजे १५ ते २२ मधला, अक्षांश असतो आणि मोठा, ७२ ते ८० मधला, रेखांश. बीडचे आकडे १८.९९ आणि ७५.७६ असे आहेत. हे उलटे लिहिले तर बीड नॉर्वेच्या उत्तरेकडच्या थंडगार समुद्रात जाऊन पडते.

दुसरी गोष्ट. ७५.७६ म्हणजे ७५ अंश ७६ मिनिटे नव्हे. अंशाचे साठ भाग करून मोजण्याची रीत वेगळी आणि दशांशाची वेगळी. उज्जैनचा रेखांश ७५ अंश ४६ मिनिटे आहे. तो कोणी ७५.४६ असा टिपला तर जागा तीस किलोमीटरांहून अधिक पश्चिमेला सरकते.

तिसरी गोष्ट. दशांशानंतरच्या आकड्यांना फार किंमत आहे. आपल्याकडे रेखांशाचा तिसरा आकडा एकाने बदलला तर जागा सुमारे १०५ मीटर हलते, चौथा बदलला तर साडेदहा मीटर. गुंठ्याची बाजू ३३ फूट, म्हणजे दहा मीटर. चौथ्या आकड्यातला एकचा फरक म्हणजे जवळजवळ गुंठ्याची एक बाजू. म्हणून आकडे टिपताना शेवटचे गाळू नयेत. आपली विहीर, बोअर, शेताचे कोपरे यांचे आकडे घरच्या वहीत पूर्ण लिहून ठेवावेत.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. साधा मोबाईल उघड्यावर पाच-दहा मीटरने चुकू शकतो. झाडाखाली, घराच्या भिंतीलगत चूक आणखी वाढते. म्हणून पिकाचा फोटो बांधावरून काढू नका. शेताच्या मध्यावर, मोकळ्या आकाशाखाली उभे राहा, दोन मिनिटे थांबा, आकडे स्थिर होऊ द्या आणि मग काढा. बांधावरून काढलेल्या फोटोत आकडा शेजाऱ्याच्या गटाचा येऊ शकतो. आणि बांधाचा वाद असेल तर मोबाईलचा आकडा दाखवून भावाभावांनी भांडू नये. पाच-दहा मीटर चुकणारे माप हातभर बांधाचा न्याय करू शकत नाही. त्यासाठी सरकारी मोजणीच मागवावी. मोजणीवाले आता रोव्हर नावाचे यंत्र आणतात. तेही उपग्रहांवरच चालते, पण पक्क्या ठिकाणांवरच्या केंद्रांशी ताळा घेत असल्यामुळे त्याची चूक काही सेंटिमीटरांतच राहते.

अंगणातला प्रयोग

उपग्रह नसतानाही आपल्या गावचा रेखांश आपल्याला काढता येतो. येत्या २५ डिसेंबरला मुलांना शाळेची सुट्टी असेल. तोच दिवस मुद्दाम निवडा. सूर्य वर्षभर घड्याळाच्या काटेकोर चालीने चालत नाही, काही महिन्यांत तो सोळा मिनिटांपर्यंत मागेपुढे होतो. वर्षातून चारच वेळा दोहोंचा मेळ बसतो. एप्रिलच्या मध्याला, जूनच्या मध्याला, सप्टेंबरच्या आरंभी आणि २५ डिसेंबरला.

अंगणात सपाट जागी हातभर लांबीची सरळ काठी ओळंब्याने उभी रोवा. सकाळी अकराच्या सुमारास सावलीच्या टोकाशी खूण करा आणि घड्याळात वेळ लिहा. काठी मध्यबिंदू धरून, त्या खुणेतून जाणारे वर्तुळ दोरीने काढा. सावली आखडत जाईल आणि दुपारनंतर पुन्हा लांबेल. तिचे टोक पुन्हा वर्तुळाला लागेल ती वेळ लिहा. दोन्ही वेळांचा मध्य म्हणजे तुमच्या गावची मध्यान्ह. वर्तुळावरच्या दोन खुणांच्या मधोमध बिंदू घेऊन तो काठीशी जोडला, तर नेमकी उत्तर-दक्षिण रेघ मिळते. तेच तुमच्या अंगणातले रेखावृत्त.

समजा, पहिली खूण १० वाजून ५० मिनिटांनी केली आणि दुसरी २ वाजून ४ मिनिटांनी. मध्य आला १२ वाजून २७ मिनिटे. बारानंतरची मिनिटे २७. त्यांना चाराने भागा, पावणेसात आले. ते ८२.५ मधून वजा करा. उत्तर ७५.७५. म्हणजे हे घर उज्जैनच्या जुन्या रेघेवर, बीड-भुसावळच्या बाजूला आहे. मिनिटभराची चूक झाली तर जागा सव्वीस किलोमीटर हलेल, म्हणून घड्याळ आधी नीट लावून घ्या. मग मोबाईलमधला आकडा काढून ताळा पाहा.

थोरलीच्या अंगणात त्या दिवशी मध्यान्ह १२ वाजून साडेअडतीस मिनिटांनी होईल, धाकटीकडे १२ वाजून १० मिनिटांनी. दोघींनी आपापल्या मुलांकडून काठी रोवून घ्यावी आणि संध्याकाळी फोनवर वेळा सांगाव्यात. दोन वेळांची वजाबाकी करून तिला चाराने भागले, की दोन्ही घरांमध्ये किती अंशांचे अंतर आहे ते मुलांना आपोआप कळेल. त्या अंतराला १०५ ने गुणले, तर मावशीचे गाव पूर्वेला किती किलोमीटरवर आहे तेही निघेल.